सुरुवात स्वतःपासून करू नका

३ सप्टेंबर १९६७, रविवार. पहाटेचे चार वाजून पन्नास मिनिटं. मध्यरात्री एकपासूनच स्वीडनमधल्या बहुतेक वाहनांना रस्त्यावर यायला बंदी होती. ज्यांना परवानगी होती ती वाहनं आता जिथं होती तिथं थांबली. मग हळूहळू, अंदाज घेत, रस्त्याच्या डाव्या बाजूची उजव्या बाजूला सरकली आणि पुन्हा उभी राहिली. पाच वाजले तशी निघाली. तोवर डावीकडून चालणारा देश उजवीकडून चालू लागला होता.

आता एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला हा बदल मनापासून पटलेला आहे. शेजारचे देश उजवीकडून चालतात, आपणही तसंच चालायला हवं, असं तो वर्षानुवर्षं सांगत आलाय. बदलाची सुरुवात स्वतःपासून करावी या सुभाषितावर त्याची अढळ श्रद्धा आहे. म्हणून एक दिवस आधीच, २ सप्टेंबरला, तो गाडी उजवीकडून काढतो. त्याच्या तत्त्वनिष्ठेबद्दल मला शंका नाही. तो घरी पोचेल की नाही याबद्दल आहे.

हे सुभाषित मला फार दिवसांपासून खुपतंय. समाज कसा बदलतो हा विषय निघाला की चर्चा दोनपैकी एका जागी येऊन बसते. एकजण म्हणतो, सिस्टीमच सडलीय, एकटा माणूस काय करणार. दुसरा म्हणतो, प्रत्येकाने स्वतःला सुधारलं की समाज आपोआप सुधारेल. पहिल्याच्या मनात व्यवस्था म्हणजे डोक्यावर बसलेला राक्षस, दुसऱ्याच्या मनात ती माणसांची नुसती बेरीज. दोघेही चुकतात असं माझं म्हणणं आहे. त्यातही दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती चांगल्या माणसांच्या हातून होते आणि त्यांची उमेद खाऊन टाकते.

समाजशास्त्राने या प्रश्नावर दीडशेहून अधिक वर्षं डोकं खपवलंय. त्यातली बरीचशी वर्षं मात्र एका उपमेच्या नादात गेली: समाज म्हणजे शरीर. हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकात ती मोठ्या हौसेनं ताणली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमने १८९३ मध्ये श्रमविभागणीबद्दल लिहिताना आधुनिक समाजाच्या एकजुटीला ‘सेंद्रिय’ असंच विशेषण दिलं. पुढे हार्वर्डमध्ये तर शरीरशास्त्र आणि समाजशास्त्र जवळजवळ एकाच ओट्यावर बसले. शरीर आपलं तापमान, रक्तातली साखर, क्षार एका पातळीवर कसं राखतं हे वॉल्टर कॅननने १९३२ मध्ये सामान्य वाचकांसाठी मांडलं. त्याच सुमारास लॉरेन्स हेंडरसन हा जीवरसायनशास्त्रज्ञ तिथंच इटालियन विचारवंत परेटोच्या समाजशास्त्रावर अभ्यासमंडळ चालवत होता. परेटोच्या मांडणीत समाज हा समतोल साधत राहणारा संच होता. त्या मंडळात टॉल्कट पार्सन्स नावाचा तरुण प्राध्यापक असायचा, आणि कॉलेजात त्याचा ओढाही आधी जीवशास्त्राकडेच होता. १९५१ साली त्याने समाजव्यवस्थेवरचा आपला जाडजूड ग्रंथ काढला. त्यातला समाज तापलेल्या शरीरासारखा वागतो: घाम येतो, ताप उतरतो, सगळं पूर्वपदावर येतं. मुलांवर संस्कार करून आणि वाट चुकलेल्यांना वळणावर आणून व्यवस्था स्वतःला टिकवते. (सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये म्हटलं की या ग्रंथाच्या ५५५ पानांचं सरळ इंग्रजीत भाषांतर केलं तर दीडशे पानं पुरतील. मला दीडशेही जास्त वाटतात, पण ते असो.)

या उपमेत एक खोट आहे आणि ती साधी आहे. शरीर कुठं संपतं ते कातडी सांगते. समाज कुठं संपतो? शरीर मेलं की मेलं. १७८९ च्या क्रांतीत फ्रान्सचा समाज मेला का? आणि यकृताने हृदयाविरुद्ध संप पुकारल्याचं कुणी ऐकलेलं नाही. माणसं मात्र पुकारतात. शरीर म्हटलं की जे चालू आहे ते आरोग्य आणि जो ओरडतो तो आजार, असा हिशेब आपोआप ठरतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ राल्फ डाहरेनडॉर्फने १९५८ मध्ये या सगळ्या सिद्धान्ताची तुलना युटोपियाशी केली. कल्पनेतल्या आदर्श राज्यात जसं काहीच घडत नाही, तसंच इथंही. पार्सन्सचाच विद्यार्थी रॉबर्ट मर्टन यानेही, गोंगाट न करता, नेमकी नस दाबली: अमुक प्रथेचा समाजाला उपयोग होतो असं म्हणताना, तो नेमका कुणाला होतो ते आधी सांगा.

मग पार्सन्स टाकून द्यायचा का? इतक्यात नको. त्याच ग्रंथात एक बी आहे आणि ते शरीराच्या उपमेपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. अरुंद बोळातून दोन अनोळखी माणसं समोरासमोर येतात. एक डावीकडे सरकतो, दुसराही नेमका त्याच बाजूला. दोघं ओशाळं हसतात आणि दोघंही एकदमच दुसऱ्या बाजूला सरकतात. मी काय करावं हे तू काय करशील यावर ठरतं, आणि तू काय करशील हे मी काय करेन यावर. दोन्हीकडून टांगलेली ही अनिश्चितता म्हणजेच समाजव्यवस्थेचा मूळ प्रश्न, हे पार्सन्सने बरोबर ओळखलं. उत्तर मात्र त्याने भाबडं दिलं. म्हणाला, दोघांनी लहानपणापासून सारखीच मूल्यं अंगी बाणवलेली असतात, म्हणून मेळ बसतो.

सारखी मूल्यं लागत नाहीत. निक्लास लुहमनने हे पुढे नीट मांडलं. हा गृहस्थ शिक्षणाने कायदेपंडित, नोकरीने सरकारी अधिकारी. १९६०-६१ मध्ये हार्वर्डला जाऊन पार्सन्सकडे शिकून आला आणि गुरूचं बी घेऊन वेगळंच झाड लावलं. बोळातल्या दोघांपैकी एकाने कुठलीही हालचाल केली, अगदी उगाचच केली, तरी दुसऱ्याला पकडायला काहीतरी मिळतं. त्यावर तो वागतो, त्याच्या वागण्यावर पहिला वागतो. दहा वेळा असं झालं की वहिवाट पडते. डावी बाजू पवित्र आहे म्हणून कुणी डावीकडून जात नाही. बाकीचे डावीकडून जाणार याची खात्री असते, म्हणून जातो.

माझ्या मते व्यवस्था म्हणजे हे: दुसरा काय करेल याबद्दलच्या एकमेकांत गुंतलेल्या अंदाजांचं जाळं. ती माणसांच्या डोक्यावर नसते आणि एकेकाच्या डोक्यातही नसते. ती माणसांच्या मधल्या जागेत असते. म्हणूनच एकट्याने स्वतःला बदलून ती बदलत नाही. आणि म्हणूनच, ती बदलते तेव्हा सगळ्यांची मनं आधी बदललेली असावी लागत नाहीत. स्वीडनमध्ये १९५५ साली याच प्रश्नावर सार्वमत घेतलं होतं. सुमारे ८३ टक्के मतं बदलाच्या विरोधात पडली. बारा वर्षांनी, बरेचसे तेच लोक, उजवीकडून निमूट गाड्या चालवत होते. मधल्या काळात सरकारने जी प्रचाराची राळ उडवली तिच्यात उजव्या बाजूचं खास चिन्ह दुधाच्या खोक्यांवर आणि अंतर्वस्त्रांवरसुद्धा छापलं गेलं. हसू येतं, पण त्याचं काम पटवून देण्याचं नव्हतंच. मला तारीख माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, एवढं घडवून आणणं हे त्याचं काम होतं.

यावर कुणीही चलाख वाचक म्हणेल, रस्त्याची बाजू हे फार सोयीचं उदाहरण झालं. त्यात कुणाचं काय जातंय? खऱ्या व्यवस्थांमध्ये कुणीतरी पिळला जातो आणि कुणीतरी त्यावर पोसला जातो. आक्षेप बरोबर आहे, आणि इथं मार्क्सला बोलवावंच लागतं. १८५९ च्या त्याच्या प्रसिद्ध प्रस्तावनेत चित्र असं आहे: उत्पादनाची साधनं पुढे जातात, मालकीचे संबंध जुनेच राहतात, आणि आधी वाढीला आधार असलेली चौकटच एके दिवशी बेडी होते. पाया सरकतो, मग इमला हलतो. डेव्हिड लॉकवुडने १९६४ मध्ये यात एक उपयोगी भेद केला. माणसामाणसांतला संघर्ष वेगळा आणि व्यवस्थेच्या भागाभागांतली विसंगती वेगळी. नुसत्या भांडणाने व्यवस्था मोडत नाही, आणि नुसती विसंगतीही कित्येक पिढ्या कुरकुरत चालू राहते. दोन्ही एकत्र आली की मोडते. स्वीडनमध्येसुद्धा पाया आधीच सरकलेला होता, हे सांगायला हवं. बहुसंख्य गाड्यांचं स्टिअरिंग पूर्वीपासून डावीकडेच होतं, म्हणजे गाड्या उजव्या बाजूसाठी बांधलेल्या आणि चालत होत्या डावीकडून. समाजशास्त्रज्ञ ऑगबर्नने १९२२ मध्ये ज्याला संस्कृतीचं मागे रेंगाळणं म्हटलं, त्याचा याहून नीटस नमुना मिळणं कठीण.

आता रस्त्याइतकं निरुपद्रवी नसलेलं उदाहरण घेऊ. चीनमध्ये मुलींचे पाय लहानपणीच घट्ट बांधून, हाडं मोडून, लहान ठेवण्याची रीत शतकानुशतकं चालली. आईला वेदना माहीत असायच्या. तिने स्वतः भोगलेल्या. तरी ती मुलीचे पाय बांधायची, कारण न बांधलेल्या पायाच्या मुलीचं लग्न जमणार नाही ही भीती खरी होती. सतराव्या शतकात मांचू राज्यकर्त्यांनी बंदीचे हुकूम काढले. ते हवेत विरले. म्हणजे वरून हुकूम देऊन भागलं नाही. आणि एकेका आईचं मन वळवूनही भागलं नसतं. मन वळलेल्या आईने काय करायचं? स्वतःपासून सुरुवात केली की किंमत मुलगी मोजणार.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या संघटना उभ्या राहिल्या त्यांची युक्ती म्हणूनच बघण्यासारखी आहे. त्यातले कुटुंबप्रमुख दोन शपथा एकत्र घेत: आम्ही मुलींचे पाय बांधणार नाही, आणि आमच्या मुलांची लग्नं पाय बांधलेल्या मुलींशी लावणार नाही. सगळी कळ दुसऱ्या शपथेत आहे. तिच्यामुळे न बांधलेल्या पायांच्या मुलींसाठी स्थळं तयार झाली. सगळा देश एकदम बदलायची गरज उरली नाही. आपापसांत सोयरिकी करता येतील एवढी घरं एकत्र आली की पुरे. गेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६ मध्ये हाच युक्तिवाद केला: अशा रिती वाहतुकीच्या बाजूसारख्याच असतात, एकट्याला सोडता येत नाहीत आणि मिळून सोडल्या की झपाट्याने सुटतात.

इथं थांबलो असतो तर माझा मुद्दा फारच गुळगुळीत झाला असता. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या दोघींनी खेडोपाडीच्या हजाराहून जास्त वृद्ध स्त्रियांशी बोलून वेगळंच सांगितलं. त्यांच्या मते पाय बांधलेली मुलगी एका जागी बसून सूत कातायची, विणायची. तिचे हात घराला हवे होते. गिरण्यांचं सूत आणि कापड आलं, हातकामाला किंमत उरली नाही, आणि मुलीला बसवून ठेवण्याचं कारणही गेलं. म्हणजे पुन्हा पाया आणि इमला. मला या दोन स्पष्टीकरणांत निवड करावीशी वाटत नाही. गिरणीने दोर झिजवला, शपथेने गाठ सोडली. फक्त एवढंच म्हणेन की झिजलेल्या दोराने बांधलेले समाज मी इतिहासात पुष्कळ पाहिलेत. आपला दोर झिजलाय हे त्यांनाच माहीत नसतं.

हे माहीत नसणं हा या विषयाचा सगळ्यात रसाळ भाग आहे. वर्गात शिक्षक विचारतात, “समजलं ना सगळ्यांना?” वर्ग गप्प. प्रत्येकजण बाकीच्यांच्या गप्प बसण्याकडे बघून ठरवतो की आपणच एकटे मठ्ठ, आणि आपलंही गप्प बसणं इतरांसाठी पुरावा बनतं. आता वर्गाच्या जागी देश ठेवा. मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७८ मध्ये एक छोटं गणित मांडलं. चौकात शंभर माणसं आहेत. पहिला कुणाचीही वाट न बघता दगड मारेल. दुसरा, एकाने मारला तर मारेल. तिसरा, दोघांनी मारला तर. असं करत शंभरावा नव्याण्णवांनंतर. परिणाम: शंभरही जण दंगलीत. आता फक्त दुसऱ्या माणसाच्या जागी असा माणूस आणा, जो एकाऐवजी दोघांनी मारल्यावरच मारेल. पहिला दगड मारतो, आणि पुढे काहीच होत नाही. ग्रॅनोव्हेटर गमतीने म्हणतो, पेपरात बातमी येईल की एका माथेफिरूने काच फोडली आणि सभ्य नागरिक बघत राहिले. दोन्ही जमाव जवळजवळ सारखे. मनांची सरासरी काढून बसलात तर फरक दिसणारसुद्धा नाही.

जनमत तयार नाही, समाज अजून त्या पातळीला आलेला नाही, अशी वाक्यं म्हणूनच मी मनावर घेत नाही. ती बोलणाऱ्याला जनमत दिसलेलं नसतं. दिसलेलं असतं ते जनतेचं वागणं. तिमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने या दोहोंतली दरी अभ्यासाचा विषय केली. लोक मनातलं झाकून पसंतीचं सोंग करतात, आणि सगळेच करतात म्हणून सगळ्यांनाच ते खरं वाटतं. सत्ता म्हणजे नुसती लाठी असं मार्क्सच्या आणि डाहरेनडॉर्फच्या वाचकाला वाटू शकतं. मला वाटतं, सत्तेची खरी गुंतवणूक माणसांना एकमेकांची मनं कळू न देण्यात असते. लाठी तेवढ्याचसाठी.

पूर्व जर्मनीत मतदान कसं व्हायचं बघा. उमेदवारांची एकच यादी. कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. नाही म्हणायचं असेल तर आडोशाला जाऊन नावांवर काट मारावी लागे, आणि आडोशाला कोण गेलं हे सगळ्यांना दिसे. मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत यादीला ९८.८५ टक्के मतं पडल्याचं जाहीर झालं. या वेळी मात्र काही नागरिक कायद्याने उघड्या असलेल्या मतमोजणीला जाऊन बसले होते. त्यांनी काय केलं? क्रांती नाही, भाषण नाही. विरोधी मतं मोजली, कागदावर उतरवली आणि मग जाहीर निकालाशी ताडून पाहिली. जमेना. सरकारने आकडे खोटे सांगितले हे तर लोकांना आधीपासून ठाऊक होतं. इतकी माणसं नाही म्हणाली, हे मात्र नव्याने कळलं.

त्याच वर्षी जानेवारीत पूर्व जर्मनीचा सर्वोच्च नेता एरिश होनेकर म्हणाला होता की कारणं दूर झाली नाहीत तर बर्लिनची भिंत ५० काय, १०० वर्षांनीही उभी असेल. सप्टेंबरमध्ये लायपझिग शहरातल्या चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनेनंतर थोडी माणसं रस्त्यावर उतरू लागली. दर सोमवारी आकडा वाढला. ९ ऑक्टोबरला सुमारे ७०,००० जण आले आणि गोळी चालली नाही. १८ ऑक्टोबरला होनेकर पायउतार झाला. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पक्षाच्या प्रवक्त्याने पत्रकार परिषदेत, हातातल्या कागदात नीट न बघता, प्रवासाचे नवे नियम “ताबडतोब” लागू असल्याचं सांगून टाकलं. रात्री साडेअकराच्या सुमारास बर्लिनच्या बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या सीमाचौकीतल्या अधिकाऱ्याने, वरून स्पष्ट हुकूम नसताना, गर्दी बघून फाटक उघडलं. त्या गर्दीतल्या प्रत्येकाने “सुरुवात स्वतःपासून” म्हणून एकेकट्याने, वेगवेगळ्या रात्री फाटकावर जायचं ठरवलं असतं, तर तुरुंगाला तेवढे कैदी मिळाले असते.

मग एकट्याने काहीच करू नये का? कुणाचीही वाट न बघणारा तो पहिला माणूस लागतोच. माझं भांडण त्याच्याशी नाही, त्याच्याकडून मिळणाऱ्या चुकीच्या धड्याशी आहे. त्याने स्वतःला बदललं म्हणून काही घडत नाही. तो इतरांना दिसला, आणि इतर एकमेकांना दिसले, म्हणून घडतं. घरात बसून शुद्ध होणारा माणूस समाजशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य आहे. त्याला पुण्य लाभत असेल. तो वेगळा विभाग. मतं मोजणाऱ्यांनी किंवा शपथेची वही ठेवणाऱ्यांनी केलेलं काम जास्त रुक्ष, जास्त कारकुनी, आणि बदलाच्या यंत्रात नेमकं तिथं बसणारं. फ्रेंच विचारवंत टोकव्हिलने १८५६ मध्ये लिहिलं होतं की वाईट राजवटीचा सर्वांत धोक्याचा क्षण ती सुधारू लागते तोच असतो. त्याचं कारणही मला यातच दिसतं: दार किलकिलं झालं की आत किती गर्दी थांबलीय ते सगळ्यांना एकदम दिसतं.

एक अडचण मात्र राहतेच, आणि तिच्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. लुहमन म्हणायचा की आधुनिक समाजाला मधोमध बसलेलं डोकं नसतं. कायद्याला कायदेशीर की बेकायदेशीर एवढंच ऐकू येतं, बाजाराला पैसे मिळतात की नाहीत एवढंच, विज्ञानाला खरं की खोटं एवढंच. पर्यावरणाचं संकट कितीही भयंकर असो, बाजाराला ते किमतीच्या भाषेत सांगितल्याखेरीज कळणार नाही. रस्त्यावर सगळे एकाच भाषेत बोलत होते, म्हणून एक तारीख पुरली. जिथं पाच यंत्रणा पाच भाषांत बोलतात तिथं तारीख कुणी ठरवायची? लुहमनच्या थंडपणाचा मला राग येतो; त्याच्या समाजात संवाद असतात, माणसं नसतात, त्यामुळे कुणाचं भलं आणि कुणाचं वाटोळं हा मर्टनचा जुना प्रश्न त्याच्या टेबलावर येतच नाही. पण हे निदान खोटं आहे असं म्हणायची माझी तयारी नाही.

स्वीडनचं पुढे काय झालं तेही सांगतो. बदलानंतरच्या पहिल्या सोमवारी १२५ वाहन-अपघात नोंदले गेले. एरवीच्या सोमवारी हा आकडा १३० ते १९८ च्या दरम्यान असायचा. त्या दिवशी मृत्यू एकही नाही. ज्या दिवशी देशभर गोंधळ उडेल अशी भीती होती, त्या दिवशी रस्ते नेहमीपेक्षा सुरक्षित निघाले, कारण प्रत्येक चालक समोरचा काय करतोय ते डोळ्यांत तेल घालून बघत होता. १९६९ पर्यंत अपघातांचं प्रमाण पुन्हा जुन्या पातळीवर आलं होतं. उजवी बाजू तोवर अंगवळणी पडली होती आणि वळणावर आता कुणी वेग कमी करत नव्हतं.